जे बिऱ्हाडाबरोबर जात नाही

माझ्या बालपणी वडिलांची बदली झाली म्हणजे आमचा सारा संसार दोन बैलगाड्यांत मावत असे, आणि रॉकेलचा डबा मागल्या गाडीस दोरीने बांधलेला असे. गाडीवर आमचेच काका बसत. काही सांडले तर ते घरच्याच माणसांदेखत सांडे. आता सामान एका वाहनातून जाते व मालक दुसऱ्या. पुष्कळदा तर एकाच मालमोटारीत दोन-तीन कुटुंबांचे संसार एकमेकांस टेकून प्रवास करितात. बिऱ्हाडे हलविण्याचा धंदा करणारे लोक काही वस्तू हाती घ्यावयास नाकारतात, त्याचे कारण येथे आहे.

सेवानिवृत्तीनंतर मी आर्वीहून वर्ध्यास बिऱ्हाड आणले, तो मे महिना होता. खिडक्या रंगवून उरलेली टर्पेंटाइनची बाटली टाकून देणे माझ्या काटकसरी स्वभावास मानवेना. मुकादमाने आरंभीच विचारले होते, "गुरुजी, तेल, गॅस, ॲसिड काही नाही ना?" मी खुशाल 'नाही' म्हटले, आणि बाटली पुस्तकांच्या खोक्यात धोतराच्या घडीत दडविली. वासावरून ती सापडली. मी उलट त्याच्यावरच रागावलो. तो शांतपणे एवढेच म्हणाला, "आमचं पोट्टं मागं सामानातच बसते, गुरुजी."

ज्वलनाचा पाठ मी वर्षानुवर्षे मुलांना शिकविला होता. टर्पेंटाइनची वाफ सुमारे ३५ अंश सेल्सिअसला ठिणगीने पेट घेऊ शकते, आणि आपल्या जिल्ह्यात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, या दोन्ही गोष्टी मला ठाऊक होत्या. ताडपत्रीखालची उष्णता तर त्याहूनही अधिक. तरी चार पैशांच्या बाटलीसाठी मी एका मुलाचा जीव टांगणीस लावला होता. ती बाटली मग आर्वीतल्याच एका रंगाऱ्यास दिली; त्याच्या ती कामास आली.

स्वयंपाकाच्या गॅसची टाकी रिकामी दिसली तरी तीत थोडा वायू उरतोच. तो हवेहून जड असल्यामुळे गळाल्यास तळाशी साचून राहतो. म्हणून गाव सोडताना टाकी व रेग्युलेटर वितरकाकडे परत करावे आणि अनामत रक्कम घेऊन तसा कागद मिळवावा; शेगडी मात्र खुशाल बरोबर न्यावी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत गंधकाम्ल असते, ते कलंडताच सांडते. दिवाळीचे उरलेले फटाके, डास मारण्याचे दाबाचे डबे, स्कूटरच्या टाकीतील पेट्रोल, ही सारी याच पंक्तीतली. रेल्वेनेही हाच विचार केलेला आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या १६४ व्या कलमात धोकादायक माल बेकायदा नेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा सांगितली आहे.

नकाराची दुसरी यादी निराळ्या कारणाची आहे. दागिने, रोकड, सातबाराचे उतारे, मुलांची प्रमाणपत्रे यांची जोखीम वाहतूकदार पत्करीत नाही. हरवल्यास त्यांची भरपाई तो कशी करणार? तुळस बंद गाडीत कोमेजते, आणि लोणच्याची बरणी फुटली तर शेजारच्या कुटुंबाच्या गाद्या खराब होतात. या वस्तू आपल्या हाती, आपल्या मांडीवर न्याव्या. आमच्या घरची तुळस वर्ध्यापर्यंत सौभाग्यवतीच्या मांडीवरच आली.

तेव्हा श्रोतेहो, बिऱ्हाड बांधावयाच्या आठ दिवस आधी मुकादमाकडून ही यादी मागून घ्या, आणि त्याने प्रश्न विचारला तर खरे उत्तर द्या. आपले सामान ज्या गाडीतून जाते, तीत कोणाचे तरी मूल बसलेले असते.