गोधडीसाठी स्वस्तातले कापड घेताना



आज खत-बियाण्याची गोष्ट नाही, गोधडीची आहे. काही भाऊ म्हणतील, हा तर बायकांचा विषय. पण पुण्याला माल घेऊन कोण जातं? बहुतेक वेळा तुम्हीच. गुलटेकडीला माल उतरवायचा, पट्टी घ्यायची आणि परतताना घरून सांगितलेलं कापड घेऊन स्वारगेटला एस.टी. गाठायची. म्हणजे कापड निवडणार तुम्ही आणि महिना-दीड महिना त्यात सुई चालवणार घरची बाई. तेव्हा दोघांनीही ऐकावं.

आपल्या आज्या-पणज्यांनी गोधडीसाठी कधी कापड विकत आणलं नाही. घरात सुती नऊवारी लुगडी होती, धोतरं होती, उपरणी होती. विरली की त्यांचीच गोधडी होई. त्या जुन्या कापडात एक गुण होता, तो आपल्या ध्यानात येत नाही. शेकडो वेळा धुऊन ते कापड जेवढं आटायचं तेवढं आटलेलं असे, जेवढा रंग जायचा तेवढा गेलेला असे. म्हणून ती गोधडी नदीवर आपटून धुतली तरी जशीच्या तशी राही.

आता घरात ते कापड उरलं नाही. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपानंतर मुंबईच्या पुष्कळ कापड गिरण्या पुन्हा धड उभ्या राहिल्या नाहीत. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानं कृत्रिम धाग्याला वाट मोकळी झाली. रोजच्या वापरात पॉलिस्टरची साडी आली. धुवायला सोपी, वाळायला झटपट, इस्त्रीची गरज नाही; बाईमाणसाचा त्रास वाचला, त्याबद्दल तिला नावं ठेवायची नाहीत. पण गोधडीला ती साडी तितकीशी उपयोगाची नाही. म्हणून आता गोधडीसाठी कापड विकत आणावं लागतं, आणि तिथंच फसायला होतं.

माझीच फजिती सांगते. माझ्या जाऊबाईंच्या लेकीचं पहिलं बाळंतपण होतं. बाळासाठी दुपटं आणि बाळंतिणीसाठी गोधडी करायची होती. जाऊबाई म्हणाल्या, "तू पुण्याला जातेसच, तर कापड तूच आण." गावोगावी शाखा असलेल्या एका मोठ्या दुकानात चादरी स्वस्तात लावल्या होत्या. वरच्या बाजूला लाल, खाली पांढरी, अशा दोन घेतल्या. जाऊबाईंनी पाणी न दाखवता तशाच बेतल्या. दीड महिना दुपारची झोप मोडून बारीक टाका घातला. पहिल्याच धुण्यात लाल रंग पांढऱ्यावर उतरला आणि खालची चादर आटून सगळी गोधडी द्रोणासारखी वळली. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. ते मला जास्त लागलं. दुकानदाराला दोष देऊन काय उपयोग? कापड मी पारखून घेतलं नव्हतं.

त्या दिवसापासून मी स्वस्त कापड सोडलं का? नाही. आजही घेते. फक्त पारखून घेते.

पहिली गोष्ट, अशा मोठ्या दुकानांत बहुधा ताग्यातून कापून मीटरवर कापड मिळत नाही, तयार चादरी मिळतात. हे आपल्या पथ्यावरच पडतं. सिंगल चादर सहसा ६० इंच रुंद आणि ९० इंच लांब असते. ३६ इंची पन्ह्याचं कापड घेतलं तर तेवढ्याच क्षेत्राला जवळजवळ पावणेचार मीटर लागतं. समजा चादर दोनशे रुपयांची आहे, तर मीटर पडला साधारण त्रेपन्न रुपयांना. रविवार पेठेत किंवा लक्ष्मी रस्त्यावर त्याच जातीच्या सुती कापडाचा मीटरचा भाव विचारा आणि मगच ठरवा. शिवाय चादरीला मधोमध जोड येत नाही. कटपीसच्या दुकानातले तुकडे वरच्या नक्षीला चांगले, पण अस्तर सलगच असावं.

दुसरी गोष्ट धाग्याची. पाकिटावरचं मोठं नाव वाचू नका, बारीक अक्षर वाचा. 'मायक्रोफायबर' लिहिलं असेल तर ते पॉलिस्टर समजा. 'पॉलिकॉटन' म्हणजे मिश्रण. 'ग्लेस कॉटन' या नावात कॉटन आहे म्हणून भुलू नका. त्या नावाच्या पुष्कळ चादरी पॉलिस्टरच्या असतात. '१०० टक्के कॉटन' असं स्पष्ट लिहिलेलं पाहा. तरीही शंका असेल तर आधी एकच चादर आणा आणि घरी कडेचे दोन-चार धागे काढून पाहा. ते चिमट्यात धरून, खाली थाळी ठेवून दिव्याच्या ज्योतीला लावा. गवत, कडबा जवळ नको आणि पोरंही जवळ नकोत. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मऊ करडी राख राहते, ती चिमटीत विरते. पॉलिस्टरचा धागा ज्योतीपासून आक्रसतो, वितळतो आणि टोकाला टणक मणी होतो. मिश्र कापडाची राख चिमटीत धरली की आत खडे लागतात.

हे एवढं कशाला, असं वाटेल. आपली माणसं थंडीत पिकाच्या राखणीला जातात, शेकोटीजवळ गोधडी अंगावर घेऊन बसतात. घरात चुलीशेजारी पोरं झोपतात. सुती कापडही पेटतं, त्याला आग लागत नाही असं मी म्हणत नाही. पण पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं आणि जखम खोल होते. शिवाय ते घाम टिपत नाही. तेव्हा अंगावर घ्यायच्या गोधडीला आणि बाळाच्या दुपट्याला सुतीच कापड. जुन्या पॉलिस्टरच्या साड्या मात्र फेकू नका. ओसरीवर खाली अंथरायला त्यांची वाकळ करा. पावसाळ्यात ती लवकर वाळते. थर सरकू नयेत म्हणून तिला टाके जरा जवळजवळ घाला.

तिसरी गोष्ट खळीची. स्वस्त कापडाला पुष्कळदा भरपूर खळ दिलेली असते. दुकानात हाताला जाड लागतं आणि एका धुण्यात मच्छरदाणी होते. पाकिटातून काढून बघायला मिळालं तर कापडाचा एक कोपरा दोन्ही हातांत धरून जोरात चोळा. पांढरी भुकटी पडली किंवा कडकपणा गेला तर खळ जास्त आहे. मग उजेडासमोर धरा. धागे एकसारखे दिसावेत, कुठं दाट कुठं विरळ नको. दोन्ही अंगठे शेजारी ठेवून ताणून पाहा. धागे बाजूला सरकून फट पडली तर ते कापड टाक्याच्या ओळीत फाटणार. अशी चादर कितीही स्वस्त असली तरी ठेवून द्या. दुकानातला पोरगा तोंड वाकडं करील, करू दे.

इथं एक उलटी गोष्ट सांगते. पाकिटावर 'थ्रेड काउंट' किंवा 'टीसी' असं लिहून पुढं आकडा असतो. एक इंच चौरसात उभे-आडवे मिळून किती धागे आहेत, त्याचा तो आकडा. तीनशेची चादर महाग असते, मऊ असते आणि अंथरायला उत्तमच. पण हातानं गोधडी टाकायची तर विणीत सुई अडते, बोटं दुखतात. शंभर ते दीडशेच्या दरम्यानची साधी चादर सुईला सोपी जाते. म्हणजे या कामाला महाग ते चांगलं असं काही नाही. वीण एकसारखी असली की झालं.

आता चादर घरी आली. लगेच कात्री लावायची नाही. आधी नव्या कापडाला जुनं करायचं. एका बाजूला टिपेनं किंवा न जाणाऱ्या शाईनं ५० सेंटीमीटरचा चौकोन आखा. चादर रात्रभर साध्या पाण्यात भिजत घाला, सकाळी साबणानं धुवा आणि सावलीत वाळवा. चौकोन पुन्हा मोजा. ४८ भरला तर शेकडा चार कापड आटलं. ९० इंच लांबीच्या चादरीत हेच साडेतीन इंच होतात. शंका वाटली तर दुसऱ्यांदा धुऊन पुन्हा मोजा, माप हलायचं थांबेपर्यंत. वरचं, खालचं आणि आतलं, तिन्ही कापडं अशीच काढून घ्यायची. एकच आटलं आणि दुसरं नाही, की गोधडी वळते. जाऊबाईंचं नेमकं हेच झालं.

रंगाची परीक्षा त्याच वेळी होते. ओल्या कापडावर पांढरं फडकं जोरानं घासा. फडक्याला रंग लागला तर चादर वेगळी धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. पाण्यात मूठभर मीठ टाकलं की रंग पक्का बसतो, असं आपल्याकडं सांगतात. दुकानातून रंगवून आलेल्या कापडाच्या बाबतीत त्यावर विसंबू नका. चार-पाच पाण्यांनंतरही रंग जातच राहिला, तर ते कापड गडद रंगाच्या गोधडीला ठेवा. पांढऱ्याशेजारी नको आणि बाळाला तर नकोच.

आत घालायला जुनं सुती कापड मिळालं तर उत्तम. शेजारीपाजारी म्हाताऱ्या बायांच्या ट्रंकेत अजून एखादं लुगडं निघतं. नऊवारी लुगड्याचे लांबीत चार सारखे तुकडे केले तर प्रत्येक तुकडा साधारण पावणेसात फुटांचा होतो. दोन-दोन तुकडे शेजारी जोडले की एका लुगड्यात दोन थर निघतात. लुगडं नसेल तर जुन्या सुती चादरी, पंचे चालतील. पुण्याला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथंही जुनं कापड मिळतं. पण आणल्यावर उकळत्या पाण्यातून काढल्याशिवाय घरात घेऊ नका.

शिवताना सगळे थर सारवलेल्या किंवा फरशीच्या स्वच्छ जमिनीवर पसरा, मधून कडेकडे हात फिरवून सुरकुत्या काढा आणि लांब कच्चे टाके घालून थर बांधून घ्या. मग कडेनं सुरुवात करून चौफेर आत यायचं, ही आपली जुनी रीत. ओळीत दोन बोटांपेक्षा जास्त अंतर नको. स्वस्त विरळ कापडाला तर एकच बोट. त्यानं कापडावरचा ताण वाटला जातो. दोरा सुती आणि जाडसर घ्या, मेणावरून ओढून घ्या. कडा सर्वांत आधी झिजते, म्हणून मगजी दुहेरी लावा. चादरीचा तयार शिवलेला काठ तसाच ठेवण्याचा मोह होतो. तो काठ उसवून टाका, तिथं कापड जाड होऊन सुई मोडते.

हे काम चैत्र-वैशाखात काढावं. रानातली कामं कमी असतात, चादरी दिवसाला दोनदा धुऊन वाळतात आणि जून लागण्याआधी गोधडी हातावेगळी होते. बेतून उरलेल्या पट्ट्या एका पिशवीत वेगळ्या ठेवा, त्यावर कोणत्या गोधडीच्या ते लिहून. दोन वर्षांनी ठिगळ लावायची वेळ आली की त्याच धुतलेल्या, आटलेल्या कापडाचं ठिगळ हाताशी असतं.