दहावीतला एक प्रश्न
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)

१९८६ च्या दहावीतल्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. तोंडी परीक्षेला मी दोन मिनिटंही टिकत नसे, तेव्हा काळजी नसावी.

‘शाळेच्या शेवटच्या वर्षांनी मला काय दिलं’ हा विषय आहे. मी एका पहाटेबद्दल सांगतो.

मार्चमधल्या बोर्डासाठी आपण मुलं अभ्यासाला शाळेतच झोपायचो. (मुलींना ती सवलत नव्हती, हे त्या अजून ऐकवतात.) विज्ञानाचे सर चार वाजता दारावर काठी आपटून उठवत. त्या दिवशी मात्र त्यांनी हळूच उठवलं आणि गच्चीवर नेलं. हॅलेचा धूमकेतू! शहात्तर वर्षांनी येणारा. ९ फेब्रुवारीला सूर्याला वळसा घालून तो परत निघाला होता. आग्नेयेला, डोंगराच्या जरा वर, कापसाच्या बोळ्यासारखा पुसट ठिपका आणि वर गेलेली फिकट शेपटी. खरं सांगू? निराशा झाली. निम्मी मुलं ‘दिसला, दिसला’ म्हणत खाली झोपायला गेली. मी जांभया देत उभा होतो.

माझ्या बाकावरचा मित्र म्हणाला, “सर, हा सूर्यापासून लांब चाललाय ना? मग शेपटी मागं, सूर्याकडं पाहिजे. ही तर पुढं आहे.”

सर गप्प. मग म्हणाले, “मला सांगता येत नाही. बघून सांगतो.”

सायकलवरून तालुक्याच्या वाचनालयात जाऊन आले आणि दोन दिवसांनी फळ्यावर आकृती काढली. शेपटी धावण्यामुळे होतच नाही. सूर्याच्या उष्णतेनं धूमकेतूतल्या बर्फाची वाफ होते, धूळ सुटते आणि सूर्याचा प्रकाश, सूर्याकडून येणारे कण ते सगळं उलट बाजूला ढकलतात. म्हणून येताना शेपटी मागे, जाताना पुढे.

बोर्डात अर्थातच हे आलं नाही. पण मला फिजिक्सची गोडी लागली ती त्या आकृतीपासून. आज तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात तेच शिकवतोय. अकरावीच्या पहिल्या तासाला ही गोष्ट दरवर्षी सांगतो. सुरुवातीला ‘आमच्यातल्या एकानं विचारलं’ म्हणायचो. त्याचं ‘मी विचारलं’ कधी झालं, कळलं नाही. मुलं टाळ्या वाजवतात.

ज्याचा प्रश्न होता तो इंग्रजीत सहा मार्कांनी गेला. ऑक्टोबरला पुन्हा बसला, पुन्हा गेला. मग मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात लागला. आमच्या विहिरीवरची मोटर त्यानंच दोनदा भरून दिली. आपण सगळ्यांनी त्याला ‘ढ’ ठरवलं होतं. मीसुद्धा.

तो आज चौथ्या रांगेत बसलाय आणि नाव घेऊ नको म्हणून खुणावतोय. घेत नाही.

सकाळी चहाच्या वेळी मी त्याला हे सगळं कबूल केलं. वाटलं, रागावेल. त्यानं कप खाली ठेवला आणि विचारलं, “पण धूळ जड, वाफ हलकी. दोन्ही एकाच रेषेत कशी ढकलली जाईल?”

नाही जात. शेपट्या दोन असतात. वायूची सरळ, धुळीची जरा वाकलेली. हा प्रश्न त्याला त्याच वर्षी पडला होता म्हणे. विचारायला कुणी भेटलं नाही. मी तिथंच पेपर नॅपकिनवर आकृती काढून दिली. ती त्याच्या खिशात आहे.