मुखत्यारपत्र कुठपर्यंत चालते?

आपल्या वतीने व्यवहार करण्याचा अधिकार दुसऱ्याला लिहून देणारा दस्त म्हणजे मुखत्यारपत्र. एका ठरावीक कामापुरता अधिकार दिला तर ते खास मुखत्यारपत्र, अनेक कामांचा दिला तर कुलमुखत्यारपत्र. यासाठी 1882 चा मुखत्यारपत्र अधिनियम आहे. देणारा आणि मुखत्यार यांचे परस्परांशी असलेले नाते मात्र 1872 च्या भारतीय करार अधिनियमाने ठरते.

सरावली, बोईसर, पालघर या पट्ट्यात ‘पॉवर दिली’ हे शब्द रोजच्या बोलण्यातले आहेत. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आणि अणुवीज केंद्रात नोकरीसाठी आलेली अनेक माणसे आता निवृत्त झाली आहेत, मुले बाहेरगावी किंवा परदेशी आहेत. बँक, सातबारा, भाडेकरू, घरपट्टी हे सगळे पाहायला जवळचा कुणीतरी लागतो. वडील थकले की ‘पॉवर’ करून ठेवू, पुढे काही झाले तरी अडणार नाही, असा घरोघरी समज असतो. हा समज चुकीचा आहे, आणि त्याची किंमत कुटुंबाला ऐन संकटात मोजावी लागते.

करार अधिनियमाचे कलम 201 सांगते की अधिकार देणारा मरण पावला किंवा त्याचे मानसिक भान गेले की मुखत्याराचा अधिकार संपतो. म्हणजे स्मृतिभ्रंश बळावला किंवा माणूस कोमात गेला, की ज्या दिवसासाठी कागद केला त्याच दिवशी तो निकामी होतो. दस्तावर ‘कायमस्वरूपी’ किंवा ‘रद्द न होणारे’ असे लिहिले तरी फरक पडत नाही. कलम 202 चा अपवाद आहे, पण तो मुखत्याराचा स्वतःचा हितसंबंध त्या मालमत्तेत गुंतलेला असेल तेव्हाचा. मुलाने आईचे खाते सांभाळणे त्यात बसत नाही. इंग्लंडमध्ये भान गेल्यानंतरही टिकणारे मुखत्यारपत्र करता येते. भारतात तशी तरतूद अजून नाही, आणि ती व्हायला हवी.

शरीर लुळे पडणे म्हणजे भान जाणे नव्हे. पक्षाघाताने हात चालत नसला, पण माणसाला व्यवहार कळत असला, तर मुखत्यारपत्र कायम राहते आणि नवेही करता येते. जमिनीचा किंवा सदनिकेचा दस्त मुखत्यारामार्फत नोंदवायचा असेल, तर देणारा जिथे राहतो तिथल्या दुय्यम निबंधकासमोर मुखत्यारपत्र करावे लागते. नुसता नोटरीचा शिक्का पुरत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरी निबंधक येऊ शकतो, तशी तरतूद 1908 च्या नोंदणी अधिनियमात आहे. परदेशातल्या माणसाने तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत सही करावी आणि कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावे. बँकेसाठी तर अनेकदा मुखत्यारपत्राचीही गरज नसते. सही करता न येणाऱ्या आजारी खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिली आहे. त्यातला एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.

मुखत्यारपत्राने मालकी बदलत नाही. सूरज लॅम्प प्रकरणात 11 ऑक्टोबर 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले. बुलेट ट्रेन आणि वाढवण बंदरामुळे जमिनीला भाव आलेल्या पालघर जिल्ह्यात हे विसरणे महागात पडते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासीकडे जायची तर जमीन महसूल संहितेच्या कलम 36अ प्रमाणे परवानगी लागतेच. कुलमुखत्यारपत्र करून ती अट टळत नाही.

उपचारांचा निर्णय ही वेगळी बाब आहे. बरे होण्याची आशा नसताना कृत्रिम आधार लांबवू नये, अशी इच्छा आधी लिहून ठेवता येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये तिला मान्यता दिली आणि 2023 मध्ये रीत सोपी केली. दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून ती साक्षांकित करायची आणि एक प्रत नगरपालिका, पंचायत अशा स्थानिक संस्थेच्या अधिकाऱ्याकडे द्यायची. मानसिक आजारावरील उपचारांसाठी 2017 च्या कायद्याखाली आपला प्रतिनिधीही आधीच नेमता येतो. या दोन्ही कागदांनी पैशांचा प्रश्न मात्र सुटत नाही.

भान गेल्यावर मालमत्तेसाठी उरतो तो न्यायालयाचा मार्ग. कोमातल्या रुग्णाचा पालक नेमण्यासाठी स्वतंत्र कायदा नसल्याने पत्नी किंवा मुले संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली मुंबई उच्च न्यायालयात अर्ज करतात. रुग्णाची वैद्यकीय तपासणी होते, मालमत्तेची माहिती द्यावी लागते, इतर वारसांचे म्हणणे ऐकले जाते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अपंगत्व असलेल्या प्रौढ मुलांसाठी 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक समिती पालक नेमते. तिथे उच्च न्यायालयात जावे लागत नाही.

स्मृतिभ्रंशाचे निदान झाले म्हणून समज लगेच संपत नाही. सुरुवातीच्या काळात डॉक्टरांचे प्रमाणपत्र घेऊन मृत्युपत्र, संयुक्त खाते आणि नामनिर्देशन ही कामे उरकून घ्यावीत. न्यायालयात जायची वेळ आलीच, तर स्त्रिया, अपंग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींतील लोकांना उत्पन्नाची अट न लावता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. पालघरच्या आदिवासी कुटुंबांनी हा हक्क जरूर वापरावा.