टपालकचेरीची भिंत

गांवाचा इतिहास गांवांतील एखाद्या भिंतीवर रंगवावयाचें ठरलें, म्हणजे रंग कालविण्यापूर्वीं एक मोठा प्रश्न सोडवावा लागतो. कोणता प्रसंग घ्यावयाचा, आणि तो कोणीं ठरवावयाचा? अमेरिकेच्या आयडाहो संस्थानांत केलॉग नांवाचें खाणवाल्यांचें एक लहान गांव आहे. तेथील टपालकचेरीच्या चित्रावरून हाच प्रश्न उभा राहिला. ती हकीकत लहान असली, तरी मोठी बोलकी आहे.

१९२९ नंतरच्या मंदींत अमेरिकेंतील चित्रकारांचाहि धंदा बसला. पुढें राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकीर्दींत, १९३४ सालीं, तेथील अर्थखात्यानें एक कलाविभाग उघडला. नव्या सरकारी इमारतीच्या खर्चापैकीं सुमारें शेंकडा एक इतकी रक्कम चित्रें व शिल्पें यांसाठीं ठेवावी, असा प्रघात पडला. या इमारतींत टपालकचेऱ्याच फार होत्या, आणि ही गोष्ट कलेच्या पथ्यावर पडली. मोठ्या शहरांतील कलासंग्रहालयाची पायरी चढण्याचा प्रसंग शेतकऱ्यावर किंवा मजुरावर सहसा येत नाहीं. टपालकचेरींत मात्र त्याला यावेंच लागतें. चित्रकार बहुधा आपल्या चित्रशाळेंत कापडावर चित्र रंगवी आणि मग तें भिंतीला चिकटविलें जाई. विषय त्या त्या गांवच्या इतिहासांतील किंवा उद्योगांतील असावा, अशी अपेक्षा असे. १९४३ सालीं हा विभाग बंद झाला, तोंपर्यंत हजारांवर टपालकचेऱ्या अशा कलाकृतींनीं सजल्या होत्या.

१९३९ सालीं या विभागानें एक मोठी स्पर्धा ठेवली. त्या वेळच्या अठ्ठेचाळीस संस्थानांपैकीं प्रत्येकांतील एकेक टपालकचेरी निवडण्यांत आली. नमुने निनांवी मागविले होते, त्यामुळें परीक्षकांना चित्र दिसे, चित्रकार दिसत नसे. केलॉगसाठीं फ्लेचर मार्टिन याचा नमुना पसंत झाला. मार्टिन यानें तरुणपणीं लाकूडतोड्याचें व खलाशाचें काम केलेलें होतें. अंगमेहनतीचें जिणें त्याला ऐकून माहीत नव्हतें, अनुभवानें माहीत होतें. त्याच्या चित्राचें नांव होतें ‘खाणींतील सुटका’. अपघातांत सांपडलेल्या एका कामगाराला त्याचे सोबती उचलून नेत आहेत, असा तो प्रसंग होता.

खाणींच्या चालकांना हें चित्र रुचलें नाहीं. कामगारांच्या संघानें मात्र तें उचलून धरलें. या मतभेदाचीं मुळें जुनीं होतीं. त्या खोऱ्यांत मालक व मजूर यांचा झगडा पूर्वींच पेटलेला होता. १८९९ च्या एप्रिलांत संतप्त खाणकामगारांनीं बंकर हिल कंपनीचा खनिज निवडण्याचा कारखाना सुरुंगानें उडविला होता आणि त्यानंतर तेथें लष्करी अंमल बसला होता. अशा गांवीं जखमी मजुराचें चित्र सरकारी भिंतीवर लावणें, म्हणजे कोणाला तें सत्यकथन वाटणार आणि कोणाला आरोप. विरोधकांच्या बाजूनेंहि एक गोष्ट म्हणतां येण्यासारखी आहे. ज्या घरचा माणूस खाणींतून परतला नाहीं, त्या घरच्या बाईनें पत्र टाकावयास यावें आणि समोर हेंच दृश्य पाहावें, हें सोपें नव्हे. पण ज्यांना रोज त्या काळोखांत उतरावयाचें होतें, त्यांनाच तें चित्र हवें होतें, हें विसरतां येत नाहीं.

अखेर कलाविभागानें माघार घेतली. मार्टिन यानें दुसरें चित्र काढलें, ‘शोध’. तें १९४१ सालीं भिंतीवर चढलें. १८८५ सालीं नोआ केलॉग हा डोंगरांत खनिजें धुंडाळीत असतां त्याचें गाढव चुकलें आणि तें सांपडलें त्याच जागीं रुपें व शिसें असलेला दगड उघड्यावर दिसला, अशी तेथील आवडती कथा आहे. गांवाला नांव मिळालें तें याच केलॉगचें. ही कथा गोड आहे, आणि तिच्यांत मोठी सोय आहे: संपत्तीचें श्रेय गाढवाला दिलें, म्हणजे मालकहि रागावत नाहीं आणि मजूरहि.

मात्र डोंगराच्या पोटांतील जीवन त्या कथेप्रमाणें चाललें नाहीं. २ मे १९७२ रोजीं केलॉगजवळच्या सनशाइन या रुप्याच्या खाणींत आग लागली. धूर व विषारी वायु यांनीं ९१ माणसें दगावलीं. आंत अडकलेले दोघे आठवड्यानंतर जिवंत सांपडले. दोन वर्षांनीं, १९७४ सालीं, तेथें एका खाणकामगाराचा पोलादी पुतळा उभारण्यांत आला. टपालकचेरींत ज्या आठवणीला जागा मिळाली नव्हती, ती अशा रीतीनें हमरस्त्याच्या कडेला उभी राहिली. पण तत्पूर्वीं ९१ घरांवर आघात व्हावा लागला.

‘खाणींतील सुटका’ या चित्राचा नमुना वॉशिंग्टन येथील स्मिथ्सोनियन संस्थेच्या संग्रहांत जतन झाला आहे. चित्र वांचलें, परंतु ज्यांच्यासाठीं तें काढलें होतें, त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर तें कधीं लागलें नाहीं. गांवाच्या भिंतीवर संस्थापकाचें चित्र जरूर असावें, सुदैवाची कथाहि असावी. पण विषय ठरविण्यास बसणाऱ्या मंडळींत, त्या संपत्तीसाठीं ज्यांनीं जीव धोक्यांत घातला, त्यांच्यापैकीं कोणी तरी बसलेला असावा. केलॉगमध्यें त्यांचें मत मागितल्याशिवाय पुढें आलें होतें; फक्त तें मोजलें गेलें नाहीं.