लांब रेणूंचा हिशेब



साखर ज्या न्यायाने पाण्यात विरघळते त्याच न्यायाने रबर बेंझिनमध्ये विरघळत असेल, असे गृहीत धरून जो कोणी केवळ रेणूंची शिरगणती करणाऱ्या राउल्टच्या नियमाने ह्या द्रावणाचा बाष्पदाब वर्तवू जाईल, त्याची फसगत ठरलेली. 3 लक्ष रेणुभाराचे रबर आणि तितक्याच वजनाचे बेंझिन घेतले, तर शिरगणतीत दहा हजारांमागे रबराचे रेणू तीनसुद्धा भरत नाहीत. तेव्हा बेंझिनचा बाष्पदाब 0.03 टक्क्याइतकाच घटावा. प्रत्यक्षात तो आठेक टक्क्यांनी उतरतो.

1941-42 च्या सुमारास रॉचेस्टरच्या कोडॅक कंपनीतील मॉरिस हगिन्स आणि न्यू जर्सीत एका तेल कंपनीच्या सेवेत असलेले पॉल फ्लोरी ह्या दोघांनी, परस्परांपासून स्वतंत्रपणे, शिरगणतीची ही पद्धत रद्द केली. द्रावण म्हणजे समान घरांचे एक जालक कल्पावे, विद्रावकाच्या रेणूला एक घर द्यावे, रबरासारख्या बहुवारिकाच्या साखळीला मात्र एकमेकांस लागून असलेली शेकडो-हजारो घरे द्यावीत, आणि अशी मांडणी किती प्रकारांनी होऊ शकते ते मोजावे, एवढीच त्यांची युक्ती. तिच्यातून संख्येच्या जागी घनफळाचा अंश आपोआप आला. कडी कडीला जखडलेली असल्यामुळे साखळीला मोकळेपणी विखुरता येत नाही, मिश्रणाने होणारी एंट्रॉपीची वाढ तुटपुंजी राहते, आणि म्हणून विद्रावकाशी असलेली किंचित नावडदेखील तिला बाहेर काढण्यास पुरते. ही नावड मोजणारा अंक ग्रीक अक्षर 'काय' (χ) ह्याने दर्शवितात. समान आकाराच्या लहान रेणूंना तो 2 पर्यंत सोसतो. अतिदीर्घ साखळीला अर्ध्याच्या वर सोसत नाही.

ही नावड डोळ्यांनी पाहावयाची तर पॉलिस्टायरीन हे बहुवारिक सायक्लोहेक्झेनमध्ये घालून ऊन करावे, स्वच्छ द्रावण होते. ते हळूहळू निवू द्यावे, म्हणजे 34.5 अंश सेल्सियसच्या खाली, साखळीच्या लांबीप्रमाणे कमी-अधिक अंतरावर, नळीत दुधी गढूळपणा येतो, आणि काही वेळाने दोन थर वेगळे दिसू लागतात. अनंत लांबीच्या साखळीसाठी ही मर्यादा नेमकी जेथे पडते, त्यास फ्लोरींनी थीटा-तपमान म्हटले.

आता थोडी उलटतपासणी. 'काय' हा अंक पुढेपुढे सरकारी जमाखर्चातील संकीर्ण खात्यासारखा झाला. जे अन्यत्र बसेना ते त्यात टाकले गेले, आणि जो स्थिर असावयाचा तो संहतीप्रमाणे बदलू लागला. 1960 मध्ये फ्रीमन आणि रोलिन्सन ह्यांनी तर हायड्रोकार्बनांतील बहुवारिके तापविल्यानेही वेगळी होतात असे दाखविले. तापमान वाढताच विद्रावक साखळीपेक्षा फार अधिक प्रसरण पावतो, हे ताठर जालकाला ठाऊकच नव्हते. 1964 मध्ये ऑरवोल आणि व्रिय ह्यांच्यासह नवी, प्रसरणाची दखल घेणारी मांडणी करणाऱ्यांत स्वतः फ्लोरीच होते. माझ्या मते त्यांच्या 1974 च्या नोबेल पारितोषिकाइतकीच ही गोष्ट स्मरणात ठेवण्याजोगी आहे. तथापि नवा विद्रावक निवडताना रसायन-अभियंता आजही प्रथम जालकाच्या त्या जुन्या सूत्रालाच हात घालतो, आणि त्याच्या पहिल्या अंदाजापुरते ते पुरेसे ठरते.