योग कोणाचा?
(वेरूळजवळच्या एका गावी शेतकरी व कारागीर मंडळींपुढे झालेले भाषण)



योगाचे नाव काढले की आमची वडीलधारी मंडळी विचारतात, "मास्तर, दिवसभर कंबर वाकतेच, आणखी कशाला वाकवता?" प्रश्न खोटा नाही. खुरपताना कंबर पुढेच वाकते, लोहाराचा एकच हात घण उचलतो. म्हणूनच आम्ही आधी भुजंगासन सांगतो. पालथे पडून छाती उचलावी. ताण उलट बाजूस बसतो. ज्याची कंबर धरली असेल त्याने मात्र अगोदर डॉक्टरास विचारावे.

दुसरा आक्षेप, हे पोथीवाल्यांचे काम! मग वेरूळ कोठे लांब आहे? दहाव्या लेण्याला लोक 'सुताराची झोपडी' म्हणत आले. बाराव्याच्या वरच्या मजल्यावर ध्यानस्थ बुद्ध ओळीने बसले आहेत. बत्तिसाव्यात बाहुबली इतका निश्चल, की अंगावर वेली चढल्या. ती ताठ पाठ, ती मांडी ज्या पाथरवटांच्या छिन्नीने साधली, त्यांना बैठक ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल?

ध्यान म्हणजे ताठ बसून श्वास येतो-जातो तो पाहणे. मन पळते, परत आणावे. आम्हांलाही ते सहज साधले नाही. एकदा आम्ही एका पोरास छडी मारली. रात्री बसलो तेव्हा दिसले, राग पोरावरचा नव्हताच, आमच्या थकलेल्या कर्जाचा होता. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्याची माफी मागितली. पोर हसले, घाम आम्हांला फुटला.

उद्या पहाटे शाळेच्या पटांगणात या. बायामाणसांनीही यावे. सतरंजी नसल्यास घोंगडी चालेल. पोट तेवढे रिकामे असावे.