होडीचा रंग आणि गटाचा हप्ता

आम्ही पाथरी तालुक्यात बचत गटांचं काम बघतो. आज बोलायचंय होडीच्या रंगाबद्दल. तुम्ही म्हणाल, होडी गडीमाणसं चालवतात, आपला काय संबंध? पण ढालेगावच्या बंधाऱ्यानं गोदावरीत पाणी अडतं, त्यावर मासेमारी चालते. आमच्या गटातल्या एका ताईंनी गटाच्या कर्जातून पत्र्याची होडी घेतली. होडी बुडाली की हप्ताही बुडतो.

मागं आम्ही सगळ्यांनी मिळून ती रंगवली. मजुरी वाचली, पण घाई नडली. वरवर फडकं मारलं आणि भर दुपारी, तापलेल्या पत्र्यावर खिडक्यांना लावतो तोच ऑइल पेंट लावला. होडी नव्यासारखी दिसली. दिवाळीपर्यंत पोपडे सुटले. एका पोपड्याखाली गंजानं पत्रा खाल्ला होता. ताईंचा मुलगा नदीत असतानाच बुडातून पाणी आलं. डब्यानं पाणी उपसत तो कसाबसा काठाला लागला. मग आम्ही हे काम नीट शिकून घेतलं.

पहिली गोष्ट, भांडं घासल्याशिवाय कल्हई धरत नाही, तसंच हे. सुटलेला रंग आणि गंज तारेच्या ब्रशानं खरवडा, मग पॉलिश पेपरनं घासा. भोक दिसलं तर आधी वेल्डिंग करून घ्या. रंगानं भोक बुजत नाही.

दुसरी गोष्ट तब्येतीची. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घरगुती रंगातल्या शिशावर सरकारनं २०१७ पासून कडक मर्यादा घातली, पण जुने थर तसेच असतात. म्हणून पाणी मारून घासा, तोंडाला मास्क लावा, लेकरं आणि गरोदर बाया लांब ठेवा. खरवड गोणपाटावर गोळा करा, नदीत टाकू नका. पत्रा लगेच कोरडा करून त्याच दिवशी पहिला हात द्या, नाहीतर पुन्हा गंज धरतो.

आता रंग कोणता? दुकानात एकच विचारा: "हा सतत पाण्याखाली टिकतो का?" साधा ऑइल पेंट टिकत नाही. बुडाला दोन डब्यांचा इपॉक्सी घ्या. डब्यावर लिहिलेल्या मापानंच दोन्ही मिसळा, आणि थोडं थोडं कालवा, कारण आपल्या उन्हाळ्यात तो लवकर घट्ट होतो. जुन्या ऑइल पेंटवर इपॉक्सी लावू नका. खालचा रंग पापडासारखा उचलतो. पाण्यावरच्या भागाला रेडऑक्साइड आणि त्यावर ऑइल पेंटचे दोन हात पुरतात. समुद्रातल्या होड्यांना शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून विषारी रंग लावतात. गोड्या पाण्यात त्याची गरज नाही, उलट माशांना त्रास.

सपाट भागाला रोलर, सांधे आणि रिबिटांना ब्रश. फवारा वाऱ्यात वाया जातो आणि नाकातही जातो. दव वाळल्यावर सकाळी, पातळ हात द्या. पहिला पूर्ण वाळल्यावरच दुसरा.

इपॉक्सी महाग पडतो, खरं आहे. पण होडी वाचते ती जास्त करून घासण्यानं, आणि त्याला लागतात आपलेच हात. मृगाआधी, होडी काठावर ओढलेली असते तेव्हाच हे काम उरका.